पाखरीचा पहिला मुक्काम

"शासकीय सेवा ही नोकरी नव्हे. तो यज्ञ आहे, आणि त्यात माणसानं स्वतःची आहुती द्यायची असते," डॉ. इंद्रजित घोरपडे भिंतीवरच्या लसीकरणाच्या पोस्टरकडं बघत गंभीरपणे म्हणाले. मग आवाज जरा खाली आणून त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं स्कूटी आहे ना?"

संयोगिता म्हणाली, "आहे, सर."

"मग झालं," डॉक्टर म्हणाले आणि खुर्चीत मागं रेलले. यज्ञाची निम्मी तयारी झाली होती.

संयोगिता शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकत होती, आणि शेवटच्या वर्षाच्या नियमाप्रमाणं महिनाभर सरकारी दवाखान्यात काम शिकायला जत तालुक्याच्या पूर्वेला बोरतळला आली होती. बोरतळच्या दवाखान्याला जीप होती, पण ड्रायव्हरची जागा रिकामी होती. शिपायाची जागा रिकामी होती. जखमा बांधणाऱ्या माणसाची जागा तर इतकी वर्षं रिकामी होती, की तिच्यावर आता औषधांचे रिकामे खोके नेमले गेले होते. उरले डॉक्टर, आणि ही पाहुणी.

घर तिचं साताऱ्याकडं, कोरेगावच्या अलीकडं. ऊस, पाट, आणि सुभेदार म्हणून निवृत्त झालेले वडील. ते फोनवर एवढंच म्हणाले होते, "पोस्टिंग मिळालं की कुरकुर करायची नाही. पाणी कुठलं आणि जेवण कुठं, तेवढं बघून घ्यायचं." तिनं बघून घेतलं. पाणी टँकरचं होतं आणि जेवण डॉक्टरांच्या डब्यातलं.

पोरगी कामाला वाकडी नव्हती. शेळ्यांना लस टोचली, एक अडलेली म्हैस डॉक्टर येईपर्यंत एकटीनं मोकळी केली. एक गोष्ट मात्र तिनं आजवर केली नव्हती: बरं न होणाऱ्या जनावराला आपल्या हातानं शेवटचं औषध देणं. कॉलेजात तो धडा शिकवला होता, पण त्या तासाला सगळा वर्ग खिडकीबाहेर बघत बसला होता, आणि शिकवणारे सरही.

ती वेळ आली हरणाबाईच्या वस्तीवर.

हरणाबाईचं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं होतं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोडीवर लादायचं आणि कृष्णाकाठ धरायचा. तिकडच्या मोकळ्या रानांत खतासाठी मेंढरं बसवायची, आणि पावसाच्या तोंडावर माघारी यायचं. नवरा गेला तोही वाटेवरच. पुढं बोरतळच्या माळावर कालव्याचं पाणी आलं. मुलानं, राजवर्धननं, मेंढरं विकून डाळिंब लावलं, बंगला बांधला, फरशी बसवली. जुन्या बिऱ्हाडातल्या दोघीच उरल्या, हरणाबाई आणि तिची घोडी पाखरी. या दोघींना नव्या घरात नेमकं कुठं ठेवावं, हे राजवर्धनला कळत नव्हतं. आईला त्यानं हॉलशेजारची खोली दिली, घोडीला मागचं पत्र्याचं शेड. आई दिवसभर शेडातच असायची.

पाखरी म्हातारी झाली होती. पुढच्या दोन्ही खुरांत आतलं हाड खचलं होतं. उभं राहिलं की दुखायचं, बसलं की अंगाला जखमा व्हायच्या. डॉक्टरांनी वाकून, दाबून, पाय उचलून बघितलं आणि मान हलवली.

"हिचे हाल आता आपण वाढवतोय," ते म्हणाले.

राजवर्धन कंपाउंडच्या भिंतीकडं बघत होता. "हाल नकोत, डॉक्टर. पण मी नसताना करा. उद्या डाळिंब घेऊन सांगलीला चाललोय. मागच्या बाजूला खड्डा काढायला जेसीबी सांगितलाय. मी आल्यावर मला काही दिसाय नको."

हरणाबाई सुपात ज्वारी पाखडत होती. तिनं सूप जरा जोरानं झटकलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना जतला मीटिंग होती. मीटिंग टाळता येत नव्हती, कारण ती आधीच्या मीटिंगला कोण आलं नव्हतं याविषयी होती. निघताना त्यांनी बॅग बंद केली आणि बोट वर केलं. "शेवटचं औषध माझ्याजवळ राहील, तो नियम आहे. तुम्ही बाराला जा. दुखणं थांबवायचं इंजेक्शन द्या आणि मानेच्या शिरेत सुई बसवून ठेवा. दोनला मी पोचतो. आणि तोवर घोडीला हलवू नका."

"बरं, सर."

"अजिबात हलवू नका."

संयोगिता वस्तीवर पोचली, तर शेडाच्या दारात एक घोंगडं, तांब्याचा हंडा, तवा, काठवट आणि पाय बांधलेली एक कोंबडी मांडून ठेवली होती. हरणाबाई डोक्यावर पदर घेऊन, पायांत वहाणा घालून बसली होती.

"आजी, हे काय?"

"बिऱ्हाड."

"कुठं निघालात?"

"पयल्या मुक्कामाला."

मग हरणाबाईनं तिला शेजारी बसवून घेतलं आणि पोराला समजावावं तसं समजावलं. बिऱ्हाड निघालं की पहिल्या दिवशी लांब जायचं नसतं. गावाची शीव ओलांडायची, गायरानात चिंचेखाली उतरायचं, झालं. "घर हालीवलं की कायतरी इसरतंयच बग. कवा तवा ऱ्हातोय, कवा मीठ. जवळ आसलं म्हंजी कुनीबी पळत जाऊन घिऊन येतंय. एकदा तर ह्यो राजवर्धनच ऱ्हायला हुता पाळण्यात झोपल्याला. तेच्या बापानं पळत जाऊन आनला."

संयोगिता हसली. हरणाबाई हसली नाही.

"पाखरी वाटंवरची हाय, पोरी. तिला पत्र्याखाली, भिताडाकडं तोंड करून मरू द्यायची न्हाई. पाठीवर वझं पायजे आन तोंड रस्त्याला. मुक्कामाला वझं उतरलं की मंग द्या तुमचं आवशीद. मी काय आडवी येत न्हाई."

"आजी, सरांनी हलवू नका म्हणून सांगितलंय. पायांची अवस्था बघा. वाटेत बसली तर पुन्हा उठायची नाही. आणि शेवटचं औषध माझ्याकडं नाही, ते सरांच्या बॅगेत आहे. रस्त्यावर तडफडत पडली तर मी काय करू?"

"मंग इचार तेंला."

तिनं फोन लावला. डॉक्टरांचा फोन बंद होता. पुन्हा लावला. फोन बंदच होता. सरकार मीटिंगमध्ये होतं.

"तू कुनीकडची गं?" हरणाबाईनं विचारलं.

"कोरेगावकडची."

"आमी तिकडंच यायचो की मेंढरं बसवाय. तिकडची रानं चांगली. मानसं दानं द्यायची घोडीला."

संयोगिताला आठवलं. लहानपणी ऊस गेल्यावरच्या मोकळ्या रानात मेंढरं बसायची. एक घोडी यायची, तिच्या पाठीवर गाठोडी, गाठोड्यांवर कोंबड्या, आणि कोंबड्यांमध्ये एखादं पोर. आजोबा ओंजळभर हरभरा हिच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, तळहात सपाट धर. ती घोडी पाखरीच होती असं नव्हे, कुणाचीही असेल. पण तळहातावरचा तो ओलसर, मऊ ओठ एकदम परत आला.

"चला," ती म्हणाली. "पण तिनं मान टाकली तर मी म्हणेन तिथं थांबायचं."

"थांबू. आन माजंबी ऐक. वाटंत कुनाला कशापायी चाललोय ते सांगायचं न्हाई. तिच्या म्होरं बोलायचं न्हाई. तिला समजतंय."

संयोगितानं शिरेत सुई बसवून चिकटपट्टीनं घट्ट केली. दुखणं थांबवायचं औषध दिलं. खुरांना गोणपाटाच्या जाड घड्या बांधल्या. औषध अंगात भिनेपर्यंत दोघी बसून राहिल्या. मग हरणाबाईनं घोंगड्याची घडी पाखरीसमोर धरली आणि जिभेनं टक्‌ केलं. पाखरी एकदा मागं पडली, पुन्हा जोर केला, आणि उठली. औषधानं उठली की घोंगडं बघून उठली, या वादात संयोगिता तेव्हाही पडली नाही आणि नंतरही नाही.

वझं नावापुरतंच होतं. पाठीवर घोंगडं, हंडा एका बाजूला, काठवट आणि तवा दुसऱ्या बाजूला, वरती कोंबडी. स्वयंपाकघराच्या दारात सून मंगल येऊन उभी राहिली.

"आवं आत्या, कुटं निगालाय?"

हरणाबाईनं लगाम हातात घेतला. मंगलनं एकदा सासूकडं बघितलं, एकदा लादलेल्या घोडीकडं, आणि आत जाऊन नवऱ्याला फोन लावला.

आता बोरतळात कुणालाही विचारा, म्हातारी बाई लादलेल्या घोडीचा लगाम धरून गावातून निघाली, याचा अर्थ एकच होतो. तो सांगावा लागत नाही. सोसायटीच्या कट्ट्यावर बसलेल्या नानासोंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. ते सोसायटीचे चेअरमन. गावातली भांडणं मिटवायची त्यांना हौस होती, आणि पुष्कळ दिवसांत चांगलं भांडण झालेलं नव्हतं. ते उठले आणि रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"आक्का! ह्या वयात घर सोडतीस व्हय?"

"बाजूला हो, नानासो."

"न्हाई व्हनार. काय झालं आसंल ते बसून मिटवू. राजाला बलीवतो, चार मानसं बसवू."

चार माणसं तोवर जमलीच होती. बाया दारांतून बाहेर आल्या. "सून बोलली आसंल," एक म्हणाली. "मला तर फरशी बसवली तवाच वाटलं हुतं," दुसरी म्हणाली. एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. एका पोरानं मोबाइल वर धरला, त्याच्या पाठीत त्याच्या आजीनं धपाटा घातला. "ल्योक लाखाची डाळिंबं इकतोय आन आईला रस्त्यावर काडतोय," असं कुणीतरी मागून म्हणालं, आणि ते म्हणणाऱ्याला राजवर्धननं मागच्या वर्षी पाइपलाइनवरून अडवलं होतं.

हरणाबाई बोलेना. बोलली असती तर एका वाक्यात सगळं संपलं असतं, पण ते वाक्य पाखरीसमोर बोलायचं नव्हतं. आणि थांबल्यामुळं पाखरी थरथरायला लागली. पुढचा डावा पाय वाकला, सावरला, पुन्हा वाकला. हंडा वाजला. औषध उतरत चाललं होतं. संयोगितानं तिच्या मानेला खांदा लावला. अंगाची ऊब आणि घामाचा वास आला, आणि तिला स्पष्ट दिसलं, की आणखी थोडा वेळ असा गेला तर ही इथंच, या गर्दीत, डांबरावर बसणार. शेवटचं औषध येईपर्यंत अख्खं गाव तिच्या भोवती कोंडाळं करून उभं राहणार, आणि हे सगळं आपण केलेलं असणार.

"नाना, रस्ता द्या," ती म्हणाली.

"तू कोन गं पोरी?"

आणि तेव्हा संयोगिताच्या गळ्यातून तिच्या वडिलांचा परेडवरचा आवाज निघाला. "बाजूला व्हा! शासकीय कामात अडथळा आणू नका!"

तिला कसलाही अधिकार नव्हता. शासनात तिची जागा महिनाभराची, तीही बिनपगारी समजुतीची. पण नानासोंचे हात आपोआप खाली आले. बोरतळमध्ये शासकीय काम प्रत्यक्ष चालू असलेलं आजवर कुणी बघितलं नव्हतं, त्यामुळं लोक भीतीपेक्षा कुतूहलानंच बाजूला झाले.

पाखरी चालू लागली. मागून गाव चालू लागलं. भांडण इतकं वाढलंय की सरकार मधी पडलंय, असा एकंदर समज झाला होता, आणि त्या समजुतीच्या वजनानं सगळे गप्प होते. गोणपाटात बांधलेल्या खुरांचा आवाज होत नव्हता. तवा तेवढा काठवटीवर हलके हलके वाजत होता. एका बाईनं पुढं येऊन न विचारता पाखरीच्या तोंडाशी पाण्याची कळशी धरली. पाखरी दोन घोट प्याली. हरणाबाई म्हणाली, "चल, माजे बाय," ते घोडीला की कळशीवालीला, कळलं नाही.

शीव ओलांडली. रस्ता रुंद करताना चिंच गेली होती. आता तिथं एक बुंधा होता, आणि पलीकडं सौरऊर्जेच्या कंपनीचं तारेचं कुंपण. चिंच जिथं होती तिथं पाखरी आपण होऊन थांबली, असं बोरतळात आता सांगतात. हरणाबाईनं लगाम ओढला होता.

वझं उतरवायला तिनं हात घातला, तोच एका अनोळखी माणसाच्या मोटारसायकलीवरून राजवर्धन उतरला. बायकोचा फोन गेला तेव्हा डाळिंबाची गाडी वाटेत होती. ती ड्रायव्हरवर सोडून तो तसाच मागं फिरला होता. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

"आई! काय लावलंयस हे? लोकं काय म्हणत्याल? मी घरातनं काढलं म्हणत्याल!"

"म्हनून झालं तेंचं," गर्दीतली एक बाई पुटपुटली.

हरणाबाईनं त्याच्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. "आलास? बरं झालं. अवंदाबी ह्योच इसरला हुता घरी," ती संयोगिताला म्हणाली. आणि त्याला म्हणाली, "वझं उतर."

"आई..."

"उतर. ती हुबी हाय."

राजवर्धननं आता कुठं घोडीकडं बघितलं. काल तो भिंतीकडंच बघत होता. पाखरीचे गुडघे कापत होते, पण कान पुढं होते आणि तोंड रस्त्याकडं होतं. बिऱ्हाडाची दोरी अशी बांधतात, की चालताना सैल होऊ नये आणि मुक्कामाला एका हिसक्यात सुटावी. ही गाठ त्यानं शेवटची सोडली तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. त्यानं न बघता पाखरीच्या पोटाखाली हात घातला आणि हिसका दिला. हंडा, तवा, काठवट, घोंगडं, सगळं त्याच्या छातीवर आलं. कोंबडी ओरडली. पाखरीनं पाठ थरथरवली, अंग झाडलं, आणि लांब श्वास सोडून हळूहळू खाली बसली. तिच्या दृष्टीनं दिवस संपला होता.

राजवर्धन घोंगडं कवटाळून तसाच उभा राहिला. गावाला आता समजलं. कुणी सांगितलं नाही, पण पुरुषांनी टोप्या काढल्या आणि बायांनी पोरं मागं ओढली. नानासो खाली मान घालून गोणपाटाकडं बघत होते.

मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. डॉक्टर आधी शेडात जाऊन आले होते. गर्दीतून वाट काढत ते पुढं आले.

"मी काय सांगितलं होतं?"

"हलवू नका म्हणून, सर."

"मग?"

"हलवलं, सर."

डॉक्टरांनी पाखरीकडं बघितलं. रस्त्याकडं केलेलं तिचं तोंड बघितलं, खुरांच्या घड्या बघितल्या, शिरेतली सुई जागेवर आहे हे बघितलं. गुडघ्यावर बसून त्यांनी बॅग उघडली, औषध भरलं, आणि सिरिंज तिच्यापुढं धरली. "मी आहे इथं," ते म्हणाले. "तुम्हीच द्या. तिला तुमचा हात माहीत झालाय."

संयोगिता बसली. हरणाबाईनं पाखरीचं डोकं मांडीवर घेतलं, पदराची गाठ सोडली आणि ज्वारीचे चार दाणे सपाट तळहातावर धरले. पाखरीनं ते ओठांनी उचलले. आधी गुंगीचं औषध गेलं. डोळे जड झाले, मान मांडीवर भारी झाली. मग दुसरं. संयोगितानं सुई काढली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, आणि मान खाली केली.

कुंपणापलीकडं सौरऊर्जेचे काळे आरसे उन्हात तसेच ताठ उभे होते.

मग जेसीबी आला. ड्रायव्हरनं विचारलं, "खड्डा बंगल्यामागं सांगितला हुता न्हवं?" राजवर्धन म्हणाला, "न्हाई. हितं," आणि बुंध्याजवळची जागा पायानं दाखवली. तो तिथून हलला नाही. त्यानं ते घोंगडं पाखरीवर पांघरलं आणि मातीची पहिली ओंजळ स्वतः टाकली. माणसं एकेक करून पांगली. जाता जाता नानासो हरणाबाईजवळ थांबले.

"आदी सांगायचं हुतं की गं, आक्का."

"तुला सांगितलं आसतं तर गावाला कळलं आसतं, आन गावाला कळलं आसतं तर तिला कळलं आसतं."

नानासोंना हे पटलं. ते गेले.

उन्हं कलली. संयोगिता रिकामी सिरिंज हातात धरून बुंध्यावर बसली होती. डॉक्टर तिच्यापुढं येऊन उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला. गेल्या कित्येक वर्षांत रिकाम्या जागांनी भरलेल्या त्या दवाखान्यात त्यांना जे कुणाला सांगता आलं नव्हतं, ते आज सांगावं असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"संयोगिता," ते म्हणाले, "शासकीय सेवा म्हणजे..."

"आवं सायेब," मागून हरणाबाई म्हणाली. तिनं हंडा, तवा आणि काठवट एकात एक बसवली होती, आणि वझं न्यायला आता कुणी नाही, हे तिच्या नुकतंच ध्यानात आलं होतं. "ह्या पोरीची गाडी आमच्या घराकडंच हाय, तुमी तिला सोडाय चाललाय न्हवं? मंग जाताजाता तेवढी कोंबडी घेता का? पाय बांधल्यात, काय करत न्हाई."